मावशी, तुमच्या ‘आम्ही’बद्दल

प्रिय मावशी,

प्रभूमध्ये सलाम.

तुमचा फोन साधा, बटणांचा. त्यामुळे हे पत्र कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवेल. वाचणाऱ्याला एकच विनंती, मधले टोमणे गाळू नका.

माझा भाऊ चार महिने आजारी होता. त्या चार महिन्यांत आपल्या चर्चच्या मंडळीने काय केलं नाही? उपास-प्रार्थना झाल्या, साखळी प्रार्थना झाल्या, ग्रुपवर रोज सकाळी बरं होण्याची वचनं येत होती. त्याबद्दल माझ्या मनात किल्मिष नाही. पण तो गेला, दोन दिवस ग्रुपवर हात जोडलेली चित्रं आली आणि तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक. तेही एक वेळ ठीक. दफनविधीनंतर मात्र प्रार्थना चालवणाऱ्यांपैकी एकजण आईजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, “कुठेतरी विश्वास कमी पडला.” चार महिने गुडघ्यांवर काढलेल्या बाईला! त्यांना हे वाक्य आज आठवतही नसेल. आई रोज रात्री ते घेऊन झोपते.

त्यानंतर मी उपासनेला जाणं सोडलं. घरी मोबाईलवर लावून पाहिलं, पण तिथे सगळे प्रकाशात न्हालेले आणि हसरे. साक्ष द्यायला उभा राहणारा प्रत्येकजण आजारातून उठलेला. जे उठले नाहीत त्यांच्या घरच्यांच्या हातात माईक कोण देणार? बायबलमधल्या दीडशे स्तोत्रांमध्ये रडून ओरडून देवाला जाब विचारणारी इतकी स्तोत्रं आहेत, अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारावरच येऊन थांबतं. आमच्या पडद्यावर त्यातलं एकही येत नाही.

मग एका रविवारी आईसाठी म्हणून आले. शेवटच्या बाकावर तुम्ही होतात. सरकून जागा दिलीत. काही विचारलं नाहीत, एखादं वचनही माझ्या हातावर ठेवलं नाहीत. गाणी झाली, मी गप्प. मतांगीकाराला, म्हणजे सगळ्यांनी मिळून विश्वासाची कबुली म्हणायच्या वेळी, सगळे उभे राहिले तशी मीही उभी राहिले. “मी विश्वास ठेवतो” म्हणायची वेळ आली आणि माझे ओठ उघडेनात. खोटं कसं बोलायचं? तेवढ्यात शेजारून तुमचा तो घोगरा आवाज आला, “आम्ही विश्वास ठेवतो.”

मला वाटलं, वयामुळे चुकलं असेल. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. सगळं मंदिर ‘मी’ म्हणतंय आणि तुम्ही एकट्या ‘आम्ही’, तेही अर्धा श्वास मागे. तिसऱ्या रविवारी बाहेर पडताना मी विचारलंच. तुम्ही चपला शोधत होतात. वर न बघता म्हणालात, “तू गप्प असतेस ना, म्हणून दोघींचं म्हणते.” आणि चप्पल सापडली म्हणून निघून गेलात.

मावशी, त्या दिवशी मी घरी जाऊन किती रडले ते सांगत नाही.

तुम्हाला गंमत सांगू? तुम्ही चुकत नव्हताच. ३२५ साली नायसियाच्या परिषदेत बिशप लोकांनी जो मतांगीकार ठरवला, त्याच्या मूळ ग्रीक मजकुराची सुरुवात ‘आम्ही विश्वास ठेवतो’ अशीच आहे. सतराशे वर्षांपूर्वीचा तो शब्द तुम्ही काही न वाचता शेवटच्या बाकावर आणून ठेवलात. आणि बायबलमधला, कफर्णहूम गावातला तो पक्षघाती आठवतो ना, चौघांनी छप्पर उघडून खाली सोडलेला? शुभवर्तमानात मार्क लिहितो की येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला. खाटेवरच्या माणसाने तोंड उघडल्याचा तिथे उल्लेखही नाही. त्याचा विश्वास किती किलो होता हे कुणी तोलून पाहिलं नाही. आईला मी ही गोष्ट वाचून दाखवली. ती काही बोलली नाही, पण पुन्हा वाच म्हणाली.

आपल्याकडे हल्ली चांगुलपणासुद्धा फोटोसकट येतो. कुणाला भेटायला गेलं की आधी स्टेटस, मग सांत्वन. तुमच्यासारखी माणसं या सगळ्यात दिसत नाहीत, कारण ती बहुधा चपला शोधत असतात. साधं सभ्य असणं, दुसऱ्याच्या गप्प राहण्याला जागा करून देणं, हे प्रवचनातून येत असतं तर एवढ्या वर्षांत आमच्यात केव्हाच आलं असतं.

आता माझं कुठवर आलंय ते सांगते. सुरुवात म्हणते. मधलंही बरंचसं म्हणते. शेवटी ‘मृतांच्या पुनरुत्थानाची वाट पाहतो’ येतं तिथे घसा अजून बंद होतो, भावाचा चेहरा समोर येतो. ३२५ च्या मजकुरात ही ओळ नाही. तो ‘पवित्र आत्म्यावर’ इथपर्यंत येतो आणि मग पाखंड्यांना शाप देत बसतो. वाट पाहण्याची ओळ येते ती ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेच्या नावाने चालत आलेल्या मतांगीकारात, म्हणजे छप्पन्न वर्षांनी. मलाही थोडा वेळ लागेल.

तोवर ती ओळ जरा मोठ्याने म्हणत जा. पंख्याच्या आवाजात मला नीट ऐकू येत नाही.

तुमची,
शेवटच्या बाकावरची