ग्लेनकोलमकिलला आता घरे हवीत : आयर्लंडच्या ग्रामीण विकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री,
ग्रामीण व सामुदायिक विकास आणि गेलटाख्त,
आयर्लंड सरकार, डब्लिन.

माननीय मंत्री महोदय,

सादर नमस्कार.

डोनेगल काउंटीच्या नैऋत्य टोकाला, अटलांटिक महासागराच्या काठी वसलेल्या ग्लेनकोलमकिल (थोडक्यात ग्लेन) या खेड्याविषयी हे पत्र लिहीत आहे. मी याच काउंटीत नोकरी करणारी मराठी रहिवासी आहे. पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे पाठवत आहेच. मराठीत ते जाहीर करण्याचे कारण असे की, आयर्लंडच्या रुग्णालयांत आणि उद्योगांत काम करणारी अनेक मराठी कुटुंबे आता या देशाची रहिवासी झाली आहेत आणि इथल्या खेड्यांचे काय होते, हा त्यांच्याही आस्थेचा विषय असायला हवा. माझे मागणे एकच आहे. ग्लेनमध्ये वर्षभर राहू इच्छिणाऱ्या माणसांना घर मिळावे, आणि या खेड्यासाठी आखल्या जाणाऱ्या प्रत्येक योजनेत हा विषय सर्वांत वर असावा.

या दरीत माणूस पाच हजार वर्षांपूर्वीपासून राहतो आहे. मालिन मोर भागातील अश्मयुगीन शिलासमाधी त्याची साक्ष देतात. ज्यांच्यावरून गावाला नाव मिळाले ते संत कोलम किल, म्हणजेच संत कोलंबा, डोनेगलमध्येच सहाव्या शतकात जन्मले आणि ५९७ मध्ये स्कॉटलंडजवळच्या आयोना बेटावर निवर्तले. त्यांच्या स्मृतिदिनी, ९ जूनला, गावकरी ‘तुरस’ नावाची परिक्रमा करतात. कोरीव क्रूस असलेल्या प्राचीन शिळा, दगडांच्या राशी आणि पवित्र विहीर अशा पंधरा ठिकाणी थांबत, प्रार्थना म्हणत, सुमारे पाच किलोमीटरची ही वाट परंपरेने अनवाणी चालली जाते. वाट शेतांमधून आणि घरांच्या आवारांमधून जाते. कोणत्या शिळेपाशी काय म्हणायचे, तिला किती फेऱ्या घालायच्या, हे मुले मोठ्यांच्या मागे चालत शिकतात. शिळा जपण्याचे काम पुरातत्त्व खाते करू शकेल. परिक्रमा मात्र तिथे राहणारी माणसेच जपू शकतात.

एकोणिसाव्या शतकातला मोठा दुष्काळ, त्यानंतरचे स्थलांतर, स्कॉटलंडमध्ये बटाटे काढायला हंगामापुरते जाणारे मजूर हा सगळा इतिहास आपणास माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे, म्हणून मी थेट १९५१ वर येते. त्या वर्षी फादर जेम्स मॅकडायर या गावात धर्मगुरू म्हणून रुजू झाले. ते मूळचे याच काउंटीतील ग्लेंटीसचे. १९५१ ते १९६१ या दहा वर्षांत आयर्लंडमधून निव्वळ चार लाखांवर माणसे बाहेर गेली आणि १९६१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या २८ लाखांपर्यंत खाली आली. त्या ओहोटीत ग्लेनसारखी गावे सर्वांत आधी रिती होत होती. मॅकडायर यांनी गावाचे पाच शाप सांगितले : उद्योग नाही, वीज नाही, सार्वजनिक पाणीपुरवठा नाही, दवाखाना नाही आणि पक्के रस्ते नाहीत. मला ही यादी फार महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात लोकांना दोष दिलेला नाही. गावकरी आळशी आहेत, जुन्याला चिकटून आहेत, असे तेव्हा शहरांत सर्रास बोलले जाई. मॅकडायर यांनी मात्र गाव सोडण्याची कारणे माणसांच्या स्वभावात न शोधता त्यांच्या परिस्थितीत शोधली आणि म्हणूनच त्यांना उपायही सापडले.

पहिला उपाय म्हणून त्यांनी गावकऱ्यांच्या श्रमदानातून सभागृह उभारले. ज्या गावात संध्याकाळी एकत्र बसायला चार भिंती नाहीत, तिथली तरुण मुले थांबणार नाहीत, हे त्यांनी ओळखले होते. पुढे वीज, पाणी आणि रस्ते यांसाठी शासनाकडे सतत पाठपुरावा झाला. हातविणकाम, कापड आणि भाजीप्रक्रिया यांचे उद्योग सहकारी तत्त्वावर सुरू झाले. १९६७ मध्ये गावकऱ्यांनी लोकग्राम संग्रहालय उभे केले. तीन शतकांतील कोळी-शेतकऱ्यांच्या राहणीप्रमाणे बांधलेली गवताने शाकारलेली घरे आणि त्यांत गावातल्याच कुटुंबांनी दिलेली भांडी, अवजारे, खाटा असे त्याचे स्वरूप आहे. यातले सगळेच प्रयत्न टिकले नाहीत. भाजीचा कारखाना चालला नाही. जमिनी एकत्र करून सामुदायिक शेती करण्याची कल्पनाही मूळ धरू शकली नाही. तरीही मी या प्रयोगाला अपयशी म्हणणार नाही, कारण त्याने गावाला निर्णय घेण्याची सवय लावली, आणि लोकग्राम आजही गावच चालवते.

मॅकडायर यांच्या योजनेत पर्यटकांसाठी बांधलेल्या सुट्टीच्या घरांची एक वसाहतही होती, याचा उल्लेख मी मुद्दाम करते. अन्यथा पुढचे म्हणणे एकांगी वाटेल. ती घरे सामुदायिक उपक्रमातून भाड्याने दिली जात, आणि भाडे गावात राहत असे. आज किनाऱ्यावरच्या अनेक खेड्यांत दिसणारी सुट्टीची घरे वेगळी आहेत. ती बाहेरच्या खासगी मालकांची असतात, जुलै-ऑगस्टमध्ये उजळतात आणि उरलेले वर्ष बंद असतात. त्यांच्या मालकांविषयी माझी तक्रार नाही. डोनेगलचा समुद्र कोणालाही हवासा वाटेल. परंतु त्यांना परवडणारी किंमत स्थानिक शिक्षिकेला किंवा मच्छीमाराला परवडत नाही, आणि बाजारावर सोडले तर याचा निकाल दर वेळी एकाच बाजूने लागतो.

आपल्या मंत्रालयाच्या नावात गेलटाख्त आहे, म्हणजे जिथे आयरिश भाषा रोजच्या व्यवहारात आहे असा कायद्याने ठरवलेला प्रदेश. ग्लेन त्याच प्रदेशात येते. १९८४ मध्ये तिथे सुरू झालेल्या ‘इदस गेल’ या संस्थेत जगभरातून प्रौढ माणसे आयरिश शिकायला येतात. वर्गात शिकलेले वाक्य दुपारी दुकानात वापरता येते, हे तिचे खरे वैभव आहे. आणि दुकानदार, त्याचे गिऱ्हाईक आणि गिऱ्हाइकाची मुले आयरिश बोलतात तोवरच ते टिकणार आहे. फिडल, म्हणजे लोकसंगीतातले व्हायोलिन, याच्या वादनाचेही तसेच आहे. नैऋत्य डोनेगलची फिडलची शैली साऱ्या आयर्लंडमध्ये ओळखली जाते. जेम्स बर्न यांच्यासारखे वादक याच दरीतले, आणि इथे उन्हाळ्यात भरणाऱ्या शिबिरात दुरून विद्यार्थी येतात. पण ही कला आठवडाभराच्या शिबिरात जन्मली नाही. हिवाळ्याच्या लांब रात्री शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात ऐकून ऐकून ती मुलांच्या हातात उतरली. नेव्ह कोलंबा या इथल्या गेलिक फुटबॉल क्लबने १९७८ आणि १९९० मध्ये काउंटीचे वरिष्ठ विजेतेपद मिळवले, ते गावात आणि शेजारच्या वाड्यांत पुरेशी मुले मोठी होत होती म्हणून.

२०११ मध्ये गेलटाख्तमधील ६९ टक्के रहिवाशांनी आपल्याला आयरिश बोलता येते असे सांगितले होते. २०२२ मध्ये हे प्रमाण ६६ टक्क्यांवर आले. शासनाने यावर उपाय केले नाहीत असे मी म्हणणार नाही. २०१२ च्या गेलटाख्त कायद्यानुसार २६ भाषा-नियोजन क्षेत्रे ठरली, भाषा-अधिकारी नेमले गेले, कार्यक्रमांना निधी मिळाला. परंतु भाषा-अधिकाऱ्याने कितीही तळमळीने काम केले, तरी आयरिश बोलणारे नवे जोडपे घराअभावी डोनेगल टाउनला किंवा डब्लिनला गेले, तर त्याच्या आराखड्याला अर्थ उरत नाही. हे जोडपे काम नाही म्हणून जात नाही. इंटरनेटवरून काम करण्याची सोय झाल्यापासून पूर्वी न परतणारी मुले परतू पाहत आहेत, आणि नेमके आत्ताच त्यांना दार बंद मिळते आहे. मॅकडायर आज असते तर त्यांच्या यादीत घर नक्की आले असते.

दुसरीकडे, २०२२ च्या जनगणनेत देशभरात १ लाख ६६ हजारांहून अधिक घरे रिकामी नोंदली गेली, आणि सुट्टीची घरे या आकड्यात धरलेलीच नाहीत. रिकाम्या घराच्या दुरुस्तीसाठी शासन ५० हजार युरोपर्यंत, आणि मोडकळीला आलेल्या घरासाठी ७० हजार युरोपर्यंत अनुदान देते. योजना चांगली आहे. अडचण तिच्या आधीच्या पायरीवर आहे. ओसाड घराचा मालक अनेकदा परदेशात असतो किंवा वारसांमध्ये वाटणी झालेली नसते, त्यामुळे घर विकत मिळतच नाही. आणि मिळाले, तरी अनुदान हाती येईपर्यंतचा खर्च पेलण्याइतकी शिल्लक तरुण कुटुंबाकडे नसते. म्हणून ग्लेन आणि शेजारच्या गावांसाठी एक पूर्णवेळ माणूस नेमावा, जो अशा प्रत्येक घराच्या मालकाचा माग काढेल, वारसांशी बोलेल आणि कागदपत्रे मार्गी लावेल. आणि दुरुस्तीचा सुरुवातीचा खर्च भागवण्यासाठी कमी व्याजाचे कर्ज किंवा टप्प्याटप्प्याने आगाऊ रक्कम मिळावी.

त्याहून मोठे पाऊल ‘उदारस ना गेलटाख्ता’ या संस्थेबाबत उचलावे लागेल. १९८० मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने गेलटाख्तमध्ये कारखाने आणि रोजगार आणले; तिच्याकडे जमीन आहे, अनुभव आहे, स्थानिकांचा विश्वासही आहे. त्या जमिनीपैकी योग्य भागावर कायम वास्तव्यासाठी घरे बांधण्याचा निःसंदिग्ध अधिकार आणि त्यासाठी स्वतंत्र निधी तिला द्यावा. ही घरे पुढे सुट्टीची घरे म्हणून विकली जाऊ नयेत, अशी अट त्यांच्या खरेदीखतातच असावी. ती देताना आयरिश बोलणाऱ्यांना प्राधान्य मिळावे हे उचित आहे. मात्र भाषा शिकण्याची तयारी असलेल्या नवागतांसाठीही त्यात जागा ठेवावी, अशी माझी विनंती आहे. आमच्यासारख्या परक्या देशांतून आलेल्या कुटुंबांची मुले गेलटाख्तच्या शाळेत गेली, तर ती आयरिश शिकतील, आणि पटसंख्येअभावी शिक्षक गमावण्याची भीती असलेल्या शाळेला तेवढाच आधार होईल.

सेवांबद्दल थोडक्यात लिहिते. २०१८ मध्ये १५९ टपाल कार्यालयांच्या चालकांनी निवृत्ती योजना स्वीकारली आणि बहुतेक ठिकाणी कार्यालये बंद झाली. डोनेगलची अरुंद रुळांची रेल्वे जवळच्या किलिबेग्स बंदरापर्यंत येत असे, तीही १९५९ अखेर बंद पडली. त्यामुळे ग्लेनच्या माणसाला प्रत्येक कामासाठी रस्त्यावरच अवलंबून राहावे लागते. टपाल, डॉक्टर किंवा बस यांबाबत निर्णय घेताना केवळ आजची वापरसंख्या पाहू नये. घरे झाल्यावर येणाऱ्या माणसांचा विचार त्यात धरावा, नाहीतर एक खाते बांधेल आणि दुसरे खाते बंद करत जाईल.

आपण या खेड्याला भेट द्यावी आणि ती उन्हाळ्यात न देता जानेवारीत द्यावी. गावकऱ्यांनी बांधलेल्या सभागृहात बसून, परत येऊ इच्छिणाऱ्या तरुणांशी आणि ज्यांची मुले गेली त्या आईवडिलांशी बोलावे. कोणते घर किती वर्षे बंद आहे आणि त्याचे मालक कुठे आहेत, हे त्यांना तोंडपाठ आहे. उदारसच्या अधिकाराबाबत शासनाची भूमिका काय आहे आणि ती कोणत्या मुदतीत अमलात येईल, याचे लेखी उत्तर आपण त्या बैठकीपूर्वी गावाला द्यावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
डोनेगलमधील एक मराठी रहिवासी