आमंत्रण नव्हे, तिकीट

मा. संपादक, स.न.वि.वि.

थीम बर्थडेच्या खर्चाबद्दल आपल्या अंकात आलेलं पत्र वाचलं. लेखकाचा सगळा राग थीमवर आहे. मला वाटतं थीमनं काही बिघडत नाही, ती तयार विकत आणली की बिघडतं.

माझ्या नातवाला सातव्या वाढदिवसाला आगगाडी हवी होती. दुकानातल्या छापील कार्डांवर इंजिनही परदेशी आणि धूरही. मी जन्मभर रेल्वेत बुकिंग क्लार्क. म्हटलं, आमंत्रण म्हणून तिकीटच देऊ, जुनं पुठ्ठ्याचं. ते एडमंडसन नावाच्या इंग्रज स्टेशनमास्तरानं काढलेलं, माप ५७ बाय ३० मिलिमीटर. एवढ्याशा जागेत नातवाचं अक्षर मावेना, म्हणून माप दुप्पट केलं. पुठ्ठा घरचाच. माळ्यावरच्या लग्नपत्रिका, छापील बाजू आत घालून दोन-दोन मैद्याच्या खळीनं चिकटवल्या आणि रात्रभर पाट्याखाली दाबल्या. एका तिकिटावर गणपतीची सोंड उठून दिसत राहिली. राहू दिली.

चित्र इंजिनाचं ठरलं होतं. मी बोलता बोलता सांगून बसलो की आपली बडोद्याकडची डभोई-मियागाम ही देशातली पहिली नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची, अडीच फुटी, आणि १८६२ साली गायकवाडांनी ती सुरू केली तेव्हा डबे बैल ओढायचे. झालं! सगळ्या तिकिटांवर बैल. काही कुत्र्यासारखे दिसतात, अशी सूनबाईंची तक्रार आली, तेव्हा चित्रकारानं शिंगं वाढवून दिली.

मजकूर एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला गुजराती, कारण वर्गातल्या बऱ्याच मुलांना देवनागरी अजून नीट येत नाही. धाकट्या भावंडांना हाफ तिकीट: कोपरा कापायचा आणि कापलेला तुकडा हिशेबाला ठेवायचा. तारखेचा रबरी शिक्का चार तिकिटांवर उलटा पडला. बाद करू म्हटलं, तर पोरगा विचारतो, "आबा, तुमच्याकडून कधी उलटा पडला नाही?" पडला होता. चारही तिकिटं गेली.

दुसऱ्या दिवशी एका मुलाच्या आईचा फोन, "काका, टिकिट केटलानी छे?" उरलेल्या सगळ्या तिकिटांवर मग 'प्रवास मोफत' लिहावं लागलं. खर्च म्हणाल तर स्केचपेनांचा एक डबा.

वाढदिवसाला नातू माझा जुना काळा कोट घालून दारात पंच घेऊन उभा. आत येताना भोक पाडायचं आणि जाताना तिकीट जमा करून घ्यायचं, असा नियम त्यानंच केला होता. एकवीस पोरं आली, परत मिळाली तीन तिकिटं. बाकीच्यांनी मुठी घट्ट आवळल्या. नोकरीत असतो तर अठरा तिकिटांचा मेमो निघाला असता.

आपला,
एक निवृत्त बुकिंग क्लार्क
दांडिया बाजार, बडोदे