दोन म्हणजे दुसरी स्टेज नाही

अमळनेर
ती. आई व ती. नाना यांस,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर आई "माले काही व्हयेल नही" म्हणाली आणि मागून नाना उगाच खाकरले. तेव्हाच कळलं, दोघांनाही झोप नाही. फोनवर आई माझं पुरतं ऐकत नाही, म्हणून लिहितेय. नाना, चष्मा लावून तिला मोठ्याने वाचून दाखवा.

आईच्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीच्या गाठीच्या रिपोर्टवर 'बेथेस्डा 2' लिहिलंय. गल्लीतल्या कुणी तरी त्याचा अर्थ 'कॅन्सरची दुसरी स्टेज' लावला आणि तुम्ही घाबरलात. ती स्टेज नाहीच हो! सुईने काढलेल्या पेशींना एक ते सहा असे आकडे देतात. एक म्हणजे नमुना अपुरा, सहा म्हणजे कॅन्सर. दोन म्हणजे साधी गाठ, यातला सगळ्यात चांगला निकाल. चुकायची शक्यता शंभरात तीन-चार, म्हणूनच वर्षभराने पुन्हा सोनोग्राफी करायची.

थायरॉइडचं काम दाखवणारं रक्तातलं टीएसएच नॉर्मल आहे, म्हणजे ग्रंथीचं काम नीट चाललंय. मावशीची थायरॉइडची गोळी आईने अजिबात घ्यायची नाही. गाठ विरघळावी म्हणून पूर्वी ती देत असत. आता सहसा देत नाहीत. गरज नसताना घेतली तर या वयात छातीत धडधड होते, हाडं ठिसूळ होतात. आणि आई, गाठीच्या भीतीने कोबी कशाला सोडलास? शिजवून खा. मीठ तेवढं आयोडीनचं असू दे, खडेमीठ नको.

ऑपरेशनचं म्हणशील, तर घास अडकायला लागला, आडवं झाल्यावर श्वास कोंडला, गाठ भराभर वाढली, तर विचार करू. अर्धी ग्रंथी काढली तरी काहींना जन्मभर गोळी लागते, आणि आवाजाची नस तिथूनच जाते. तुझ्या ओव्या मला हव्या आहेत. हल्ली सुईने उष्णता देऊनही गाठ आक्रसवतात, टाका पडत नाही. वर्षभरात ती बऱ्याचदा निम्म्याहून लहान होते. पण तो उपायही आत्ता नको. आवाज बसला आणि आठ-पंधरा दिवसांत सुटला नाही, तर मात्र मला न विचारता डॉक्टर गाठा.

नाना, सोनोग्राफीच्या फिल्म पेटीत कपड्यांखाली दाबू नका, पुढच्या वर्षी ताडून बघायला लागतील. आई, लग्नात गळ्याभोवती पदर गुंडाळून बसू नकोस. उकाड्यात जीव जाईल.

तुमची
ताई