चिऱ्याचं कॅथेड्रल

कुडाळ

प्रिय सुहास,

घराचा नकाशा व्हॉट्सॲपवर मिळाला, ओटी आणि मागची पडवी एकदम झकास, पण खाली ते 'बाहेरून चिरा (जांभा दगड) उघडा ठेवणार, गिलावा नाही' असं जे लिहिलंयस ना, त्यावर मला फोनवर बोलायचं नाहीये कारण फोनवर तू ऐकत नाहीस, म्हणून हे लांबलचक पत्र. बायको म्हणते चार ओळींचा मेसेज टाक. चार ओळींत मावणारं नाहीये ते.

मध्ये एका कामासाठी पणजीला गेलो होतो, काम लवकर आटोपलं म्हणून तसाच जुन्या गोव्याला गेलो आणि से कॅथेड्रलसमोर बराच वेळ बसलो. आपण कॉलेजच्या ट्रिपला गेलो होतो तेव्हा सगळे सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव बघायला बॉम जेझूस चर्चकडे पळालो होतो, रस्ता ओलांडून ह्या पांढऱ्या भल्यामोठ्या देवळाकडे कोण लक्ष देतोय! खरं तर मोठं हेच. लांबी साधारण ७६ मीटर, दर्शनी भिंतीची उंची ३५ च्या आसपास, आणि गोव्याच्या आर्चबिशपचं स्वतःचं चर्च हेच.

आता ऐक, पोर्तुगीज सरदार आल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवा घेतलं ते २५ नोव्हेंबर १५१०, तो दिवस सेंट कॅथरीनचा, म्हणून चर्च तिच्या नावाने. पहिलं साधंसुधं होतं. हे आत्ताचं १५६२ मध्ये सुरू केलं पोर्तुगालच्या राजाच्या पैशाने, डॉमिनिकन नावाच्या पंथाच्या ख्रिस्ती साधूंसाठी, आणि मुख्य बांधकाम संपलं १६१९ ला, म्हणजे ५७ वर्षं! काम सुरू झालं तेव्हा तिकडे विजयनगर उभं होतं आणि गोव्यातून घोडे तिकडे विकले जात होते, तीनच वर्षांत तालीकोटची लढाई झाली आणि ते मोठं गिऱ्हाईकच गेलं, पुढे समुद्रात डच आले. पैसा आटत गेला तरी यांचं चर्च आपलं वर वर चाललंय. रीतसर अभिषेक होईपर्यंत १६४० उजाडलं.

बाहेरून साधं, टस्कन पद्धतीचं, आत कोरिंथियन, म्हणजे माथ्यावर पानांची नक्षी असलेले खांब. आतलं तुला आवडेल, मधलं दालन अर्धगोल कमानीच्या छताचं, दोन्ही बाजूंना छोटी छोटी चॅपेलं म्हणजे प्रार्थनेच्या खोल्या, त्यांच्या जाड भिंती मधल्या छताचा रेटा घेतात. वेदीमागे भला मोठा सोनेरी मुलामा दिलेला लाकडी देव्हारा आहे, त्यावर कॅथरीनच्या आयुष्यातले प्रसंग कोरलेत, शेवटी मुंडकं उडवतात तो पण. दाराकडे १५३२ चं बाप्तिस्म्याचं दगडी कुंड आहे, झेवियरने त्यात बाप्तिस्मे दिले असं सांगतात. एका चॅपेलात चमत्काराचा क्रूस आहे, तो वाढतो अशी लोकांची श्रद्धा. एक आजी आल्या, पायातली चप्पल बाजूला काढली, खालच्या भोकात हात घालून क्रूसाला बोटं लावली, ती डोळ्यांना लावली आणि पदर सावरत बाहेर. आपल्या आज्या गाभाऱ्याच्या उंबऱ्याला हात लावतात अगदी तस्संच, मी बघतच राहिलो.

घंटेचं नाव सोन्याची घंटा, आवाज खरंच सुंदर आहे, पण इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्माविरुद्ध वागल्याचा ठपका ठेवून शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायालयाच्या काळात लोकांना जाहीर शिक्षा सुनवायच्या तेव्हा पण हीच वाजायची, हे माहीत असलं की नुसतं वा वा म्हणवत नाही. १५६० ते १८१२ चाललं होतं ते प्रकरण, मधली थोडी वर्षं सोडली तर.

आणि हो, मनोरे दोन होते. समोर उभं राहिलं की डावीकडचा आहे, उजवीकडचा १७७६ ला कोसळला, परत बांधलाच नाही. तोवर साथींनी शहर ओस पडलेलं, व्हाइसरॉय पण पणजीच्या दिशेने सरकलेला, बांधणार कोण? मला विचारशील तर बरं झालं, दोन मनोऱ्यांची चर्चं ढिगाने आहेत.

आता तुझ्या मुद्द्यावर. त्या पांढऱ्या चुन्याच्या आत काय आहे माहितीय? जांभा! तुझ्या खाणीतून निघतो तोच लाल सच्छिद्र चिरा. पावसाळ्यानंतर भिंतीवर काळे ओघळ येतात, मग परत चुना मारायचा, असं करत ४०० वर्षं उभं आहे. आणि समोर बॉम जेझूस बघ. त्याला पण गिलावा होता, १९५० च्या दशकात एका पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञाच्या सांगण्यावरून तो काढून टाकला, जुनं दिसावं म्हणून! फोटोत लालभडक छान दिसतं, पण जवळ जाऊन बघ, चिऱ्यांच्या कडा गोल झाल्यात, भोकं मोठी झालीत, बोट फिरवलं तर लाल भुकटी हाताला. गिलावा परत करा असं जाणकार कधीपासून सांगतायत, पण लोकांना आता तो लाल रंगच खरा वाटतो. तुझ्या आर्किटेक्टला पण तोच फोटो आवडलेला असणार.

चिरा खाणीतून काढल्यावर हवेने कडक होतो हे खरं, पण आपला पाऊस पश्चिमेकडून आडवा मारतो रे. तेव्हा पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतीला गिलावा कर, तोही चुन्याचा, सिमेंटचा नको, सिमेंट आतली ओल बाहेर सोडत नाही आणि दोन-चार वर्षांत पोपडे धरतं. चुना मळणारा गवंडी मिळत नाही ही सबब सांगू नकोस, सावंतवाडीकडे एक आहे, नंबर पाठवतो. पाखं पण जरा लांब ठेव. ओटीवरची भिंत हवी तर उघडी ठेव, तिथे पाऊस पोचत नाही, हौस पण भागेल.

तरी पटत नसेल तर पाया भरायच्या आधी एकदा ये, कुडाळहून ट्रेनने करमळीला उतरायचं, तिथून जुनं गोवा अगदी जवळ. फक्त ३ डिसेंबरच्या आसपास नको, झेवियरच्या फेस्ताची गर्दी असते, मुंगी शिरायला जागा नसते. जुलैमध्ये, भर पावसातच ये. काकींना नमस्कार सांग, आणि गवंड्याला ॲडव्हान्स अजून देऊ नकोस.

तुझा,
नित्या