पूर्वसाहित्याचा आढावा वाचून लिहू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एम.ए.चे प्रकल्प जमा करण्याची तारीख जवळ आली की आमच्या ग्रंथालयाच्या काउंटरवर एकच मागणी सुरू होते, 'मॅडम, चॅप्टर दोनसाठी काहीतरी द्या ना.' चॅप्टर दोन म्हणजे पूर्वसाहित्याचा आढावा, आपल्या विषयावर आधी कोणी काय लिहिले आहे ते सांगणारे प्रकरण. मी सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी एका अनुदानित महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. मार्गदर्शक प्राध्यापकांनी आणि विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांनी या प्रकरणाकडे जरा थांबून पाहावे, म्हणून हे पत्र.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार 2023-24 पासून राज्यात एम.ए.च्या पहिल्या सत्राला संशोधन पद्धती हा 4 श्रेयांकांचा (क्रेडिट्सचा) विषय आला आणि तिसऱ्या सत्राला 4, चौथ्या सत्राला 6 श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प. हे उत्तम झाले. ज्या घरात पदवीपर्यंत कोणी पोचले नव्हते, त्या घरातली मुले स्वतःचा प्रश्न घेऊन गावात फिरतात, माहिती गोळा करतात, हे मी रोज पाहते. पण दुसऱ्या प्रकरणाशी आली की तीच मुले अडतात. मग 'अमुक यांनी आपल्या प्रबंधात तमुक विषयाचा अभ्यास केला, त्यांचा निष्कर्ष असा' या साच्याचे परिच्छेद एकाखाली एक येत राहतात. ते उचललेले असतात शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातल्या एखाद्या पीएच.डी. प्रबंधातून, आणि त्या प्रबंधात ते आलेले असतात आणखी कुठल्या तरी प्रबंधातून. मूळ लेख या साखळीतल्या कोणीच उघडलेला नसतो. एकाने साल चुकवले की ते चुकीचे साल पुढच्या सगळ्यांच्या पानांवर जसेच्या तसे उतरते.

अलीकडे यात एआयची भर पडली आहे. विद्यार्थी मोबाइलवर यादी घेऊन येतात, ही पुस्तके द्या म्हणतात. लेखक खरा असतो, प्रकाशन संस्था खरी असते, पण त्या नावाचे पुस्तक कधी निघालेलेच नसते. पुस्तक अस्तित्वातच नाही हे त्यांना पटवून देण्यात माझा बराच वेळ जातो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018च्या नियमांत दुसऱ्याच्या मजकुराशी 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. त्यामुळे सगळा जीव 'पर्सेंटेज कमी करून घेण्यात' अडकतो. शब्द फिरवले, क्रियापद बदलले की आकडा खाली येतो. मूळ वाचले की नाही, हे त्या आकड्यात कुठेच दिसत नाही.

मुलांना दोष देणे सोपे आहे. मला तो द्यायचा नाही, कारण वाचायला मिळाले की काय होते तेही मी पाहिले आहे. आटपाडीकडची एक विद्यार्थिनी अर्थशास्त्राच्या प्रकल्पासाठी रोजगार हमी योजना घेऊन आली. तिची आजी 1972च्या दुष्काळात खडी फोडायला जात होती, सुकडी आणि मिलो हे तेव्हा वाटलेले धान्य-खाणे खाऊन दिवस काढलेली. मुलीच्या वहीत नावांची भलीमोठी यादी होती. आम्ही ती बाजूला ठेवली आणि तीनच गोष्टी निवडल्या. पहिले, ज्याँ द्रेझ आणि अमर्त्य सेन यांचे 1989चे पुस्तक. दुष्काळी कामांवरच्या मजुरीने लोकांच्या हातात धान्य विकत घेण्याची ताकद आली म्हणून उपासमारीचे मोठे संकट टळले, असे ते मांडतात. दुसरा, हेरिंग आणि एडवर्ड्स यांचा 1983चा लेख. योजनेला शहरातल्या करांचा पैसा आणि तिच्यातून झालेल्या कामांचा लाभ मोठ्या जमीनदारांना, अशी त्यांची तक्रार. तिसरे, सुलभा ब्रह्मे यांचे सिंचन नियोजनाच्या अंगाने बहात्तरच्या दुष्काळाकडे पाहणारे पुस्तक.

हेरिंग-एडवर्ड्स यांच्या लेखाची झेरॉक्स विद्यापीठाच्या ग्रंथालयातून मागवली. इंग्रजी जड होते. वाचन कक्षाच्या कोपऱ्यातल्या टेबलावर शब्दकोश उघडा ठेवून ती रोज दुपारी परिच्छेद-दोन परिच्छेद लावत बसायची. एका पानाच्या समासात तिने पेन्सिलीने लिहिले होते, 'मग आमच्या पाझर तलावाचं पाणी कुणाच्या रानात गेलं?' ते वाचून मी हरखले. तिच्या प्रकल्पाचा प्रश्न तिथे जन्मला होता. पुढे ती गावात जाऊन तलावाखालच्या विहिरी कोणाच्या, आणि तलावावर राबलेल्या बाया कोणाच्या घरच्या, हे विचारत फिरली. तिचे दुसरे प्रकरण जेमतेम पाच पानांचे झाले. पण कोणाचे कोणाशी जुळते, कुठे बिनसते आणि आपल्या गावापुरते काय विचारायचे राहिले आहे, ते त्यात होते. बहिःस्थ परीक्षकांनी मात्र 'संदर्भ कमी आहेत' असा शेरा मारला. ते अजूनही माझ्या मनाला लागून आहे.

म्हणून अभ्यास मंडळांना विनंती, की संदर्भांची किमान संख्या ठरवू नका. आठ संदर्भ असू द्या, पण मौखिकीत त्यातला कोणताही एक काढून 'यांचे म्हणणे तुला पटते का, आणि का' एवढे विचारा. संशोधन पद्धतीच्या तासांपैकी काही तास ग्रंथालयात घ्या. सूची कशी पाहायची, शोधगंगेवर कसे शोधायचे, लेखाचा मूळ संदर्भ कसा गाठायचा, हे फळ्यावर शिकवून येत नाही.

मराठीतून लिहिणाऱ्यांची अडचण तर वेगळीच आहे. कित्येक मराठी प्रबंध जुन्या फाँटमध्ये टाइप केलेले किंवा नुसते स्कॅन केलेले आहेत. त्यांची शीर्षके रोमन अक्षरांत, ज्याला जसे सुचले तसे स्पेलिंग करून नोंदवलेली. देवनागरीत 'दुष्काळ' टाकले तर ते सापडत नाहीत. नियतकालिकांतल्या लेखांची स्थिती याहून कठीण. शं. ग. दाते यांनी 1800 ते 1950 या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची केवढ्या चिकाटीने केली! पण 1950नंतरच्या मराठी लेखांसाठी विद्यार्थ्याच्या हातात ठेवावे असे एकही साधन माझ्या टेबलावर नाही. सरकारी संस्थांसाठी 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजनेतून परदेशी नियतकालिके खुली झाली, याचा आनंदच आहे. आमच्यासारख्या ग्रामीण अनुदानित महाविद्यालयांपर्यंतही ती यावी. पण 'नवभारत', 'समाजप्रबोधन पत्रिका' या मराठी नियतकालिकांतले लेख तिच्यातून सापडणार नाहीत. ते काम आपल्यालाच करावे लागेल.

त्यासाठी एक सुचवते. एका मराठी नियतकालिकाच्या दहा वर्षांच्या अंकांची विषयवार, युनिकोडमधली सूची करणे हाच एखाद्या विद्यार्थ्याचा संशोधन प्रकल्प म्हणून विद्यापीठांनी मान्य करावा. श्रेयांक आहेतच, अंक जुन्या ग्रंथालयांच्या कपाटांत आहेत. प्रत्येक महाविद्यालयाने एकेक नियतकालिक घेतले आणि सूच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर खुल्या ठेवल्या, तर पुढच्या तुकडीला नुसत्या ऐकीव नावांवर भागवावे लागणार नाही. मराठी अर्थशास्त्र परिषदेच्या 'अर्थसंवाद'चे जुने अंक आमच्याकडे बांधून ठेवलेले आहेत. विद्यापीठाने परवानगी दिली तर येत्या सत्रात त्यांच्यापासून सुरुवात करायला आमचे ग्रंथालय तयार आहे.

आपली,
एक महाविद्यालयीन ग्रंथपाल, जि. सांगली