त्यावर बसायचं नसतं, चिऊ

चि. चिऊ,

काल फोन आधी तू ठेवलास की मी, यावर सकाळपासून तुझ्या आईचा आणि माझा वाद चाललाय. ते जाऊ दे. रागात लिहीत नाहीये, अभिनंदन करायला बसलोय. तू पाठवलेल्या फोटोतला मासा काय सुरेख आहे गं! गळाला लागल्यावर त्याने तुला चांगलंच दमवलं असणार, दंडावर दोर घासल्याची लाल रेघ फोटोतही दिसते. तात्या असते तर दारोदार दाखवत फिरले असते.

पण माझी नजर माशावरून घसरून खाली जाते. ते नारिंगी लाईफ जॅकेट फळीवर टाकलंय आणि तू त्यावर बसली आहेस. बक्कल लोंबतंय.

"होडीत आहे ना, लागलं तर घालेन," असं तू काल फोनवर म्हणालीस. अगं, लागतं तेव्हा घालायला सवड नसते. माणूस वादळातच पडतो असं थोडंच आहे? मासा जाळीत घ्यायला वाकतो, अडकलेला गळ सोडवायला उभा राहतो, शेजारून दुसरी होडी गेली की तिच्या लाटेने तोल जातो, आणि तोही पाणी अगदी शांत असताना. पाण्यात पडल्यावर ते जॅकेट अंगात चढवणं किती कठीण असतं, ते कधी उथळ पाण्यात करून बघ. आणि होडी तोवर वाऱ्याने पुढे गेलेली असते.

तू पट्टीची पोहणारी आहेस, ते मला सांगू नकोस. ती सगळी पदकं अजून मीच पुसतो. पण पाणी पंधरा अंशांखाली असलं तर पडताक्षणी माणूस आपोआप मोठा श्वास ओढतो, तो त्याच्या हातात नसतो. तोंड तेव्हा पाण्याखाली असलं तर? श्वास ताब्यात यायला मिनिटभर तरी जातं, आणि पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत हातपाय आखडायला लागतात, मग पोहणारा आणि न पोहणारा यांत फारसा फरक राहत नाही. आणि पडताना होडीच्या काठावर डोकं आपटलं तर पोहायचं कुणी?

बघ, लागलो भाषण द्यायला. माफ कर. आई मागून वाचतेय आणि "पुरे" म्हणतेय. एवढं एकच लिहितो. तुझं ते फुगणारं नाही, साधं फोमचं आहे, पन्नास न्यूटनचं (तरंगवण्याची ताकद न्यूटनमध्ये मोजतात). ते पोहता येणाऱ्याला आणि मदत जवळ असताना ठीक. शुद्ध हरपली तर तोंड वर करून तरंगत ठेवायचं काम त्याचं नव्हे, त्यासाठी दीडशेचं लागतं. ते फुगणारं मिळतं, अंगावर पट्ट्याएवढंच वाटतं, गळ टाकताना हाताला अडत नाही. फक्त ते फुगवणाऱ्या गॅसचं छोटं नळकांडं घट्ट बसलं आहे ना, हे दर वेळी बघायचं. मांड्यांमधला पट्टाही लावायचा, नाहीतर पाण्यात ते वर सरकतं आणि माणूस खालून निसटतो.

तात्या मला जॅकेट चढवून त्याच्या दोन्ही खांद्यांना धरून उचलायचे. कानापर्यंत आलं की पुन्हा सोडून बांधायचे, श्वास कोंडेल इतकं घट्ट. मी रडायचो. स्वतः मात्र... त्या दिवसाबद्दल लिहिणार नव्हतो. तुला माहीतच आहे. इंजिन चालूच होतं आणि होडी गोल गोल फिरत होती, एवढंच सांगतो, कारण माणूस पडला की ओढली जाऊन इंजिन बंद करणारी ती दोरी तू मनगटाला बांधतेस का, हे काल विचारायचं राहिलं.

हल्ली रात्री झोप येत नाही, मग काहीबाही वाचतो. इंग्लंडमध्ये व्हिटबीला १८६१च्या फेब्रुवारीत मोठं वादळ आलं. तिथल्या बचावनौकेवरचे तेरा जण दिवसभर बुडती जहाजं गाठत होते. पाच फेऱ्या निभावल्या, सहाव्या वेळी नौका उलटली. बारा जण गेले. वाचला तो हेन्री फ्रीमन. नव्या पद्धतीचं बुचाचं जॅकेट त्या एकट्याच्या अंगात होतं. बाकीचे काही नवखे नव्हते गं. समुद्रावर आयुष्य काढलेली माणसं ती.

मासेमारी सोडून दे असं मी कधी म्हणालो का? नलूआत्या म्हणाली, मी नाही. पहाटे उठून एकटी होडी पाण्यात ढकलणारी मुलगी आपल्या घरात झाली, याचा मला गर्व आहे. पण फोन लागला नाही की मी अंगणात येरझाऱ्या घालतो, तेही खरं. तू म्हणशील, बाबा, मी सात वर्षांची नाही. नाहीस. म्हणून तर खांद्यांना धरून उचलता येत नाही, लिहावं लागतं.

काठावरच घालत जा, होडीत पाय टाकायच्या आधी. आणि रविवारी सुहास सोबत येणार असेल तर त्याच्या छातीचं माप आणि वजन कळव. त्याला अजिबात पोहता येत नाही, हे तुझ्या आईने परवा त्याच्याकडूनच काढून घेतलं. दोघांची एकदमच मागवतो. रंग आईने ठरवलाय, त्यावर वाद नको.

बाबा