पेपरात माझं नाव शोधू नका

पुणे
सोमवार, रात्री साडेदहा

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

काल फोनवर "सगळं छान झालं" एवढंच बोलले, कारण तुमचा स्पीकर चालू होता आणि मागून शेजारच्या काकूंचा आवाज येत होता. सगळं छान झालेलं नाही. शनिवारी मी सायकलवरून पडले. आई, हाड मोडलेलं नाही, हे आधी दोनदा वाच आणि मग पुढे जा. डावं कोपर आणि मांडीची बाहेरची बाजू सोलून निघालीय. आमच्यात त्याला रोड रॅश म्हणतात.

शनिवारी टीम टाइम ट्रायल होती, म्हणजे टीमनं मिळून घड्याळाशी लावायची शर्यत, सपाटीवर ३० किलोमीटर. चौघींनी एकीच्या मागे एक अशी रांग धरायची. पुढची वारा खाते, मागच्या तिच्या आडोशाला, आणि थोड्या थोड्या वेळानं पुढची बाजूला होऊन शेपटाला येते. बाबा, तुमच्या एसटीमागे चिकटून सायकल मारणाऱ्या शाळकरी पोरांना तुम्ही आरशात बघून शिव्या घालायचात, तीच विद्या. नीट मागे राहिलं तर पाव हिस्सा तरी जोर वाचतो. पण दोन चाकांत जेमतेम वीतभर अंतर असतं, त्यामुळे रस्ता दिसतच नाही. दिसते ती पुढचीची पाठ.

तर रस्त्यात ट्रॉलीतून पडलेला एक ऊस आडवा. पुढचीनं हातानं खूण केली, स्वतः चुकवलाही. मी नेमकी त्याच वेळी बाटली तोंडाला लावलेली. वाळव्याच्या पोरीला उसानं पाडावं! टीममध्ये हा विनोद आता वर्षभर चालणार.

माझ्यासाठी कुणी थांबलं नाही. आई, तुला याचा राग येणार, म्हणून सांगते: थांबायचं नव्हतंच. चौघींतली तिसरी रेषा ओलांडते तेव्हा घड्याळ बंद होतं, म्हणजे तिघी पुरतात. थांबल्या असत्या तर मीच ओरडले असते. मात्र रविवारच्या रेसला उतरायचं तर मलाही शेवटपर्यंत जाणं भाग होतं, नाहीतर यादीतून नाव कट. राहिलेले ११ किलोमीटर एकटीनं मारले. वारा एवढा असतो हे त्या दिवशी नव्यानं कळलं.

रात्री वाईतल्या एका मंगल कार्यालयात मुक्काम. आमच्यातली एक दातांची डॉक्टर आहे. तिनं सलाइननं जखम धुतली, गॉजनं खडी काढली आणि माझं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून "आता तोंड उघडा" म्हणाली. हळद कुणी लावू दिली नाही. पट्टी बांधून झाल्यावर कॅप्टननं तुझा डबा उघडला. बावीस लाडू होते ना? माझ्या वाट्याला दोन आले. धाकटी म्हणे (ती एकोणीस वर्षांची आहे, सोलापूरची) "ताई, तुम्ही पडलात, तुम्हाला पचायचे नाहीत."

या धाकटीबद्दल नीट सांगायला हवं, कारण रविवारची रेस तिची होती. माझी नव्हती. हे तुम्हाला मी चार वर्षांत कधी धड समजावलेलंच नाही. प्रत्येक वेळी "कितवी आलीस?" विचारता, मी आकडा सांगते आणि तुम्ही गप्प होता.

रविवारी ७८ किलोमीटर. वाईभोवती सपाट फेऱ्या आणि शेवटी पसरणीचा घाट चढून पाचगणी. घाटात आमच्यात धाकटीच चालते, ती हरणासारखी हलकी आहे. मग बाकीच्यांचं काम एकच, तिला घाटाच्या पायथ्याला पुढच्या पाचांत, ताज्या पायांनी नेऊन सोडायचं. तिच्यासाठी वारा आम्ही खायचा, पाणी आम्ही आणायचं.

झालं असं, की पहिल्याच फेरीत दुसऱ्या टीमची एक मुलगी एकटीच पुढे निघून गेली. सगळ्यांना वाटलं, दमेल आणि येईल मागे. आमची कॅप्टन शाळेत गणित शिकवते, आणि तिचा एक लाडका किस्सा आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, ऑस्ट्रियाची आना कीसेनहोफर सुरुवातीलाच पुढे पळालेल्यांत होती. गणितात पीएचडी, कुठल्या व्यावसायिक टीममध्ये नाही. पुढे ती एकटीच उरली आणि मागच्या बड्या बड्या मुली तिला चक्क विसरल्या. कानात निरोप सांगणारे रेडिओ नव्हते. नेदरलँड्सच्या आनेमीक फान फ्लोयटननं रेषेवर हात उंचावले, सुवर्ण आपलंच समजून. कीसेनहोफर सव्वा मिनिट आधीच पोचली होती. तर आमच्या कॅप्टननं माझ्याशेजारी येऊन एवढंच म्हटलं, "टोकियो होईल हं."

तेव्हा अंतर तीन मिनिटांचं होतं. पुढचे २४ किलोमीटर मी, कॅप्टन आणि दातांची डॉक्टर, आळीपाळीनं पुढे. बाकीच्या टीमा आमच्या मागे आरामात बसलेल्या. त्याचा राग येतो, पण मीही तेच केलं असतं. पट्टी घामानं सुटली, चड्डी जखमेला चिकटली. बाबा, त्या चड्डीवरून तुम्ही २०२१ मध्ये दोन महिने माझ्याशी बोलला नव्हतात. तिच्यात जाड पॅड असतो म्हणून बसता येतं.

पायथ्याला अंतर पन्नास सेकंदांवर आलं. माझी अर्धी बाटली धाकटीला दिली, ती काही न बोलता गेली आणि माझे पाय संपले.

मग घाट. बाबा, तुमचं "गाडी तापवू नकोस, वेळेत खालचा गिअर टाक" तोंडपाठ आहे, पण माझ्याकडे खालचा गिअरच शिल्लक नव्हता. ताशी ७. दत्ताच्या देवळापाशी पोचेपर्यंत रस्ता खुला झाला आणि मागून एसटी आली. ड्रायव्हरनं हॉर्न न वाजवता, बाजूला जागा ठेवून हळू नेली. तुमच्यासारखाच ड्रायव्हर. खिडकीतली एक आजी मात्र वाकून म्हणाली, "एवढं वर यायचं हुतं तर बसायचं की गं गाडीत, निम्मं तिकीट हाय बायकांना."

धाकटी दुसरी आली, चाकाच्या अंतरानं. पुढे पळालेली ती मुलगी घाटमाथ्यावरच्या हॅरिसन्स फॉलीच्या अलीकडे सापडली. मी एकतीस जणींत सव्विसावी. बक्षिसाचे दहा हजार आम्ही टीममध्ये वाटून घेतले. पुरुषांच्या दुसऱ्याला पंचवीस होते. यावर कॅप्टन आयोजकांना पत्र लिहिणार आहे, मुद्देसूद.

पेपरात आलं तर धाकटीचं नाव येईल. ते कापून ठेवा, बाबा.

शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं येते. मोतीबिंदूच्या तपासणीला शनिवारी मीच नेईन, दादाला रजा काढायला लावू नका. आई, माझी गादी भिंतीकडे घाल, उजव्या कुशीवरच झोपता येतंय. आणि काकूंना जिन्यावरून घसरले म्हणून सांग.

तुमची,
ताई

ता. क. : लाडवाचा डबा आणतेय. झाकण सोलापूरला गेलं.